चुना न धरणारी मडकी

आमच्या घरात ‘कुंभार’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. म्हणजे आमचे हे दिवसभर कोपरापर्यंत चिखलात बुडालेले असत, पडवीत चाक फिरत असे, परसात भट्टी धुमसत असे, ओट्यावर मडक्यांची रांग वाळत असे. पण कुणी विचारलं, तर हे ‘स्टुडिओ पॉटर’ होते. आणि सासूबाई, म्हणजे माई, सांगत, “आमचा श्यामकांत सिरॅमिक्समध्ये असतो.” जसं काही सिरॅमिक्स हे दिल्लीतलं एखादं खातंच. मी अंबरनाथला शाळेत भूगोल शिकवायची. एकदा स्टाफरूममध्ये मी सरळ म्हणाले, “आमचे मिस्टर मडकी करतात,” तर बायकांना वाटलं, मी नवऱ्यावर रागावले आहे. रागावलेली होतेच, ती गोष्ट वेगळी.

त्र्याऐंशी सालापर्यंत आमचा संसार चारचौघांसारखा होता. हे अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर होते. विजेच्या खांबावर चिनीमातीचे पांढरे इन्सुलेटर असतात ना, ते तिथे बनत. मग संप झाला, संपावर टाळेबंदी आली, आणि फाटक बंद झालं ते झालंच. यांच्याबरोबरच्या ऑफिसरांपैकी कुणी विम्याची एजन्सी घेतली, कुणी पिठाची गिरणी टाकली, एक जण मस्कतला गेला. आमच्या ह्यांनी काही दिवस छताकडे बघितलं आणि जाहीर केलं, की आपण आता स्वतंत्र कलावंत होणार. मी म्हटलं, “बरं.” मला वाटलं, चित्रंबित्रं काढतील, एका कोपऱ्यात बसतील, घराला उपद्रव नाही.

कर्णिकांचं घराणं लेखणीचं. यांचे पणजोबा कुठल्याशा संस्थानात दप्तरदार, आजोबा मामलेदार कचेरीत, सासरे कल्याणला कोर्टात. “आमच्याकडे बोटांना शाई लागते,” माई म्हणायच्या. मुलाच्या बोटांना आता काय लागतंय हे त्यांनी बघितलं, तेव्हा त्या देवघरात जाऊन बसल्या त्या बाहेरच येईनात. आल्या त्या ‘सिरॅमिक्स’ हा शब्द घेऊनच. कुठून पैदा केला देव जाणे. मग तो त्यांनी बदलापूरच्या आमच्या आळीत घरोघर नेऊन पोचवला.

यांना चाकावर बसायला शिकवलं हरिचंद्रानं. हा चामटोलीचा कुंभार; जन्माचा आणि खरा. माणूस एक नंबरचा आळशी आणि त्याहून गप्पिष्ट. सकाळी यायचा, चहा घ्यायचा, यांच्या हातून चाकावरचा गोळा कसा उडतो ते बघून पोट धरून हसायचा आणि पुन्हा चहा घ्यायचा. “सायब, तुमी मातीची परवानगी काय मागताव? दाबा तिला,” एवढंच त्याचं शिक्षण. त्यातून हे शिकले कसे, याचं मला अजून नवल वाटतं. पण शिकले. आणि यांचा हात जरा बसतो न बसतो तोच हरिचंद्रानं आपलं चाक आम्हालाच विकलं. त्याच्या मेव्हण्यानं उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये त्याला एक टपरी मिळवून दिली होती. तिथे तो प्लास्टिकच्या बादल्या, टब आणि डबे विकायला लागला. म्हणाला, “माती लय मेहनत खाते. प्लास्टिक काय खात नाय.” असा चामटोलीचा कुंभार प्लास्टिक विकू लागला आणि लेखणीवाले कर्णिक मडकी घडवू लागले. यावर आळीत जेवढं हसायचं तेवढं लोकांचं हसून झालं.

मडकी घडवून यांचं समाधान होत नव्हतं. यांना हवी होती नक्षी. नुसती सुबक नाही, स्वतःची. “कुंदा,” हे म्हणायचे, “भांडं उलटं करून खालचं नाव वाचायची वेळ येता कामा नये. लांबून बघताक्षणी माणसानं म्हटलं पाहिजे, हे श्यामकांत कर्णिकचं.” एवढ्या एका गोष्टीसाठी या माणसानं नोकऱ्या नाकारल्या, भाचरांच्या मुंजी चुकवल्या, माझ्या परसातलं अळू आणि कर्दळ भट्टीखाली घातली. दुसरं काही मागितलं नाही, हेही खरं. मागितलं असतं तर मी दिलंही नसतं.

पहिली तीन-चार वर्षं इंग्रजी नक्षीची. फोर्टच्या फुटपाथवरून यांनी एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. त्यात विलायतेतल्या जुन्या थाळ्यांचे फोटो. तांबड्या मातीवर पांढऱ्या पातळ मातीनं पक्षी काढलेले. त्यावरून हे आमच्या पडवीत बसून पक्षी काढत. शेपूट मोराची, पोट कोंबडीचं आणि तोंड आमच्या हेडमास्तरांचं. मी म्हटलं, “हा कुठला पक्षी?” तर म्हणाले, “फेझंट.” बदलापुरात जन्मात कुणी पाहिलेला नाही असा पक्षी आमच्या ताटात येऊन बसला, आणि आमटी वाढली की बुडून जायचा.

मग वारलीची साथ आली. तेव्हा सगळ्या मुंबईला ती झाली होती. चादरी, भेटकार्डं, सरकारी कॅलेंडरं, सगळीकडे काडीची माणसं फेर धरून नाचायची. आमच्या बरण्यांवरही नाचली. हरिचंद्र एकदा सणाला भेटायला आला होता, त्यानं बरणी हातात घेऊन पुष्कळ वेळ बघितली आणि विचारलं, “सायब, ही मानसं उपाशी कशापायी हायेत?” हे चिडले. पण ते वारलीचं खूळ गेलं ते त्या दिवसापासूनच.

त्यानंतर त्रिकोण. कुणा मित्रानं यांना तंत्र आणि कुंडलिनीबद्दल सांगितलं होतं. माईंना हा काळ त्यातल्या त्यात बरा वाटला. “निदान देवाधर्माचं आहे,” त्या म्हणाल्या. एका दुधाच्या किटलीला यांनी तोटीसुद्धा त्रिकोणी केली. कुंडलिनी जागी झाली की नाही मला ठाऊक नाही, दूध मात्र रोज ओट्यावर सांडायचं. पुसायला मी होतेच.

हा माल खपेना. तेव्हा हरिचंद्रानंच यांना कॅम्प तीनमधल्या एका भांडीवाल्या सिंधी शेठकडे नेलं. शेठनं थाळी उलटीसुलटी करून बघितली. “साईं, चीज तो बढिया है. लेकिन गिरेगा तो टूटेगा ना?” हे त्याला पक्क्या भाजणीबद्दल समजावत होते, तेवढ्यात हरिचंद्रानं आपल्या टपरीतली एक बादली उचलून रस्त्यावर आपटली. बादली उडाली, गटाराच्या कडेला गेली आणि तशीच उभी राहिली. शेठनं यांच्याकडे नुसतं बघितलं. घरी येऊन हे जेवले नाहीत. मला वाईट वाटलं, पण उरलेली भाजी मी संपवली.

आणि मग ती वेल आली. कशी आली सांगता येणार नाही. आमच्या कुंपणावर गुळवेल आहे. कुणाला ताप आला की आळीतले लोक तोडून नेतात. हे रोज तिच्यासमोर दात घासत. एके दिवशी दुधाच्या पिशवीचा मेंदीसारखा कोन करून यांनी पांढऱ्या मातीची ती वेल एका मडक्याच्या पोटावर सोडली. पुस्तक नाही, कुंडलिनी नाही. खोडाची ती वेडीवाकडी गाठ, हृदयासारखं पान, मध्येच सुटलेला बारीक तंतू. वरून काचेसारखी नितळ झिलई, भाजल्यावर किंचित मधासारखी पिवळी. मी शाळेतून आले आणि मडकं बघून पडवीतच उभी राहिले. टोमणा मारायला तोंड उघडलं होतं, तो सुचलाच नाही. खरं सांगते, सुंदर होतं. फार सुंदर होतं. मी म्हटलं, “हे तुमचं.” हे लहान मुलासारखे हसले.

नंतर वर्षभर ह्यांनी त्या वेलीशिवाय काही केलं नाही. शेवटी एक संपूर्ण मालिका झाली. मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर आणखी लहान, अशा चार उतरंडी, आणि चारींवरून एकच वेल खालून वर चढत गेलेली. मुंबईच्या एका गॅलरीवाल्या गृहस्थांनी त्याच वेलीचं एक आधीचं मडकं कुणाकडे तरी पाहिलं आणि निरोप धाडला, की मेच्या मध्यावर एका सोमवारी बदलापूरला येतो, आहे ते सगळं बघतो, पसंत पडलं तर एकट्याचं प्रदर्शन लावू. एकट्याचं. हे दिवसातून कितीदा तरी मडकी पुसायचे. माईंनी आळीत सांगून ठेवलं, की सिरॅमिक्सचे मोठे साहेब येणार आहेत.

साहेब यायच्या आधी ठमाबाई आली.

एप्रिल संपत आला होता, मी अंगणात मसाल्याच्या मिरच्या वाळत घालत होते. सनई-ढोलकी ऐकू आली. वाटलं, आळीत कुणाचं तरी लग्न. तर वाजंत्री आमच्याच फाटकाशी येऊन थांबली. पुढे लुगड्याचा कासोटा घातलेली एक म्हातारी, डोक्यावर सूप, मागे आठ-दहा बाया. म्हातारीनं विचारलं, “कुंबाराचा घर ह्योच ना?”

माई झोपाळ्यावर होत्या. “इथं कुंभार नाही. पुढे जा.”

ठमाबाईनं पडवीत डोकावून बघितलं. “मंग ह्यो चाक कुनाचा?”

“सिरॅमिक्सचं आहे ते,” माई म्हणाल्या.

“तुमी काय बी आडनाव लावा, बाय. चाक हरिचंद्राचा हाय, मी वलखतंय.”

मग तिनं ओट्यावर बसून सगळं नीट सांगितलं. ती चामटोलीची. तिच्या नातीचं, द्रौपदीचं लग्न होतं. लग्नात बोहल्याच्या चारी कोपऱ्यांना मडक्यांची उतरंड लागते, आणि ती कुंभाराच्या घरून वाजतगाजत आणावी लागते. हरिचंद्रानं धंदा सोडला तेव्हा त्याच्याकडे जुनी मडकी शिल्लक होती, त्यावर गावानं इतकी वर्षं भागवलं. आता ती संपली. आणि गावचा कायदा असा, की चाक ज्याच्या घरी, लग्नाची मडकी त्याच्याच घरची. हरिचंद्रानं आम्हाला चाक विकताना त्याबरोबर अख्खं चामटोली विकलं होतं आणि ते सांगायला तो विसरला होता. चहा प्यायला कधी विसरला नाही.

हे मातीचे हात घेऊन बाहेर आले. “बघा आजी, मी पॉटर आहे. आर्टिस्ट.”

“असा का,” ठमाबाई म्हणाली. “मंग मडकी कवा देनार?”

तोवर बायांनी चाकाला हळद-कुंकू वाहिलंही होतं. मग त्या इकडेतिकडे बघायला लागल्या. कुंभारणीची ओटी भरल्याशिवाय मडकी मागायची नसतात. “कुंबारीन कुठं हाय?” सगळ्यांची नजर माझ्यावर. माझे हात मिरचीनं लाल, नाकाला फडकं. फाटकाबाहेर अर्धी आळी जमलेली. माई झोपाळ्यावरून म्हणाल्या, “कुंदा, आत ये.”

मी गेले नाही. का गेले नाही? इतकी वर्षं शाळेत घसा फोडत होते, शिक्षकदिनाला एक गुलाब मिळायचा, तोही संध्याकाळपर्यंत मान टाकायचा. इथे दहा बाया वाजंत्री लावून माझी ओटी भरायला आल्या होत्या. मी हात धुतले आणि पाटावर बसले. त्यांनी खण, नारळ, तांदूळ ओटीत घातले, डोक्यात अबोलीचा वळेसर माळला. मला आवडलं, यात लपवायचं काय?

माई कडाडल्या, “कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर येतेच म्हणतात, ते काही खोटं नाही.” म्हण तोंडातून सुटली आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की मी कुंभाराची सून तर मग त्या कोण.

ठमाबाईला हवी होती साधी, कोरी मडकी. चाकावरून काढायची, भाजायची, द्यायची. पण साधी मडकी देतील तर ते आमचे हे कसले? “माझ्या हातून असला सामान्य माल बाहेर जाणार नाही,” असं म्हणून यांनी ठरवलं, की प्रदर्शनासाठी केलेल्या वेलीच्या चार उतरंडीच लग्नाला द्यायच्या. लग्न शनिवारचं, रविवारी परत आणायच्या, सोमवारी गॅलरीवाले येणार. “प्रत्यक्ष विधीत वापरलेली मडकी! त्यांना काय वाटेल कल्पना कर.” मी म्हटलं, “अहो, लग्नाची मडकी कुणी परत देतं का? आणि फुटलं एखादं तर?” तर म्हणाले, “पक्की भाजणी आहे. तुला त्यातलं कळत नाही.” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मी गप्प बसले, कारण आत कुठेतरी मलाही वाटत होतं, की ती वेल लोकांनी बघावी.

टेम्पो घेऊन ठमाबाई आली, तेव्हा तिनं वेलीवरून बोट फिरवलं. “रंगीत कशापायी केली? ऱ्हाऊ दे, झाकून जाईल.” हे तेव्हा टेम्पोवाल्याला मडकी कशी धरायची ते शिकवत होते. यांनी ऐकलं नाही आणि मी ऐकून सोडून दिलं.

शनिवारी आम्ही दोघं रिक्षानं चामटोलीला गेलो. माई आल्या नाहीत, त्यांचं डोकं दुखत होतं. मांडवात पाऊल टाकलं आणि हे जागच्या जागी थबकले. चारी उतरंडी चुन्यानं पांढऱ्याफेक झाल्या होत्या. वरून गेरूची बोटं ओढलेली. वेलीचं एक पान दिसत नव्हतं. लग्नाच्या मडक्यांना चुना लावतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या स्वतःच्या लग्नात बोहल्याला तशीच मडकी होती; तेव्हा यांचं लक्ष बहुतेक बुंदीकडे असावं. “कुंदा, हे काय केलं यांनी?” एवढंच हे बोलले. मी यांना खुर्चीवर बसवलं. कुंभाराची म्हणून पुढची खुर्ची राखून ठेवलेली होती.

पण यांच्या दुःखाला अजून सुरुवातही झाली नव्हती. कुंभाराचं साधं मडकं चुना पिऊन घेतं. आमच्या मडक्यांना ती काचेसारखी झिलई. ती पिणार काय? मेचं ऊन, पत्र्याखालचा मांडव, वर बँड. चुना वाळला, तडकला आणि पोपडे धरून गळायला लागला. आधी एक पोपडा, मग भसाभस. नवरी द्रौपदी हळदीच्या अंगानं बोहल्यापाशी येऊन उभी राहिली, तोवर उतरंडी खरूज झाल्यासारख्या दिसायला लागल्या होत्या.

नवऱ्या मुलाचा चुलता, शिवराम नावाचा, धिप्पाड गृहस्थ, त्याचं तिकडे लक्ष गेलं. त्यानं हात वर करून बँड थांबवला. माझ्या शेजारच्या बाईनं मला हळू आवाजात समजावलं. उतरंडीचा चुना गळणं म्हणजे फार वाईट. आता ठरवायचं, की खोट कुणाची. कुंभारानं कबूल केलं, तर त्यानं आपल्या हातानं आपली मडकी फोडायची, खोट खापरांबरोबर जाते, लग्न पुढे चालू. कुणी कबूल केलं नाही, तर खोट नवरीची. मग मुलाकडचे उठून गेले, तर त्यांना कुणी बोल लावत नाही.

“कुंबार कोन हाय?” शिवरामनं विचारलं.

हे उठले. मला हायसं वाटलं. पण यांनी सुरुवात केली ती व्याख्यानाला. “त्याचं असं आहे, यात कुणाचा दोष नाही. ही झिलई आणि चुना, दोघांच्या आकुंचनाचं प्रमाण वेगळं असतं. त्यात उष्णतेनं...” मी माझ्या नववीच्या वर्गात जे चेहरे बघते, तेच चेहरे मांडवभर झाले.

“ते ऱ्हाऊ द्या,” शिवराम म्हणाला. “कुंबार कोन, ते सांगा.”

हे थांबले. बघतात कुठे, तर मडक्यांकडे. यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला वाचता येत होतं. कबूल केलं तर मडकी फोडायची. ती वेल, तो सोमवार, ते एकट्याचं प्रदर्शन, सगळंच गेलं. आणि ‘पॉटर’ म्हणून जपलेली ती ऐट चारशे लोकांपुढे, बँडवाल्यांपुढे, स्वतःच्या तोंडानं उतरवायची. मला असा संताप आला म्हणून सांगू! समोर एकोणीस-वीस वर्षांची पोर मुंडावळ्या बांधून उभी आहे, तिचं लग्न मोडतंय आणि हा बाप्या आपल्या वेलीचा हिशेब करत उभा आहे. मी पदर खोचला. हे बोलले नसते तर मी बोलणार होते. ओटी माझी भरली होती.

द्रौपदी रडत नव्हती. ती यांच्याकडेच बघत होती. मागत नव्हती काही, नुसती बघत होती. यांनी मान वर केली तेव्हा यांची नजर नेमकी तिच्यावर पडली.

“मी,” हे म्हणाले. “मी कुंभार. खोट माझी आहे. चुना धरणारी मडकी द्यायची असतात हे मला कळायला हवं होतं. पोरीचा काही दोष नाही.”

“मंग मगाधरनं तेच इचारतोय,” शिवराम म्हणाला आणि खाली बसला.

यांनी पहिलं मडकं उचललं आणि जमिनीवर टाकलं. ते फुटलं नाही. पक्की भाजणी ना! गडगडत बँडवाल्यांच्या पायापर्यंत गेलं. पोरं हसली, मग मोठेही हसले. इतकी वर्षं ज्या मजबुतीच्या बढाया ऐकल्या, ती अशी उपयोगी पडली. ठमाबाईनं आतून वरवंटा आणून यांच्या हातात दिला. मग हे मांडी घालून बसले आणि एकेक मडकं समोर घेऊन फोडत गेले. घाव बसला की चुना झडायचा आणि खापरावर वेल दिसायची. बाया पुढे होऊन बघत होत्या. एक म्हणाली, “अगो, खाली नक्षी व्हती.” दुसरी म्हणाली, “गुलवेल हाय, आमच्या बांधावर हाय तशीच.” यांनी वर बघितलं नाही. मी जाऊन शेजारी बसले आणि खापरं सुपात भरायला लागले. कुंभारणीनं काय करायचं असतं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण नुसतं बसवत नव्हतं.

गावानं आपापल्या घरची पाण्याची मडकी रिकामी करून आणली. ओल्या मडक्यांनी चुना पटकन धरला. लग्न लागलं. जेवताना यांना पहिल्या पंगतीला बसवलं, नारळ दिला, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण यांना मडकी कशी करायची ते शिकवून गेला. हे निमूट ऐकत जिलब्या खात होते. माईंना मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि जपाची माळ हातात घेतली.

सोमवारी गॅलरीवाले आले. पांढरा झब्बा, गळ्यात चष्मा, घामानं डबडबलेले. माई दारात उभ्या, मी चहा करून आणलेला. ते पडवीत आले तर समोर पाटावर कच्ची, साधी, बिननक्षीची मडकी वाळत पडलेली.

“ती मालिका कुठाय?” त्यांनी विचारलं.

“फुटली,” हे म्हणाले.

“सगळी? कशी काय?”

“फोडली मी. मुलीचं लग्न होतं.”

“अरे वा, अभिनंदन,” गृहस्थ म्हणाले. “तुम्हाला मुलगी आहे हे मला ठाऊकच नव्हतं.”

आम्हाला मूलबाळ नाही. काशीचा धागा झाला, डॉक्टर झाले, उपास झाले, नाही ते नाही. त्याबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही, माईसुद्धा बोलत नाहीत. हे आता दुरुस्ती करतील म्हणून मी ट्रे धरून उभी राहिले.

“जावई काय करतात?” त्यांनी विचारलं.

“अंबरनाथला रिक्षा चालवतो. स्वतःची आहे,” हे म्हणाले. “मुलगा चांगला आहे.” आणि हात पुसत पुढे म्हणाले, “आत्ता दाखवायला माझ्याकडे काही नाही. लग्नसराई आहे, चामटोलीची कामं आहेत. आषाढात या.”

मी ट्रे तिथेच ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. ओट्याला टेकून रडले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात पदर धरून. थोड्या वेळानं माई मागून आल्या. मला वाटलं, आता त्या प्रदर्शनावरून बोलणार, चारशे लोकांपुढे झालेल्या शोभेवरून बोलणार. त्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

“त्या पोरीला साडीबिडी काही दिलीत का,” त्या म्हणाल्या, “की कर्णिकांच्या घरातून तशीच रिकाम्या हातानं धाडलीत?”

नव्हती दिली. मग माईंनीच कपाट उघडलं.